गाडी पेट्रोल पितेय? आधी वही काढा!

‘काय देते हो गाडी?’ कुणाच्याही दारात गाडी दिसली की आपल्याकडे पहिला प्रश्न हाच. रंग नंतर, किंमत नंतर, आधी अ‍ॅव्हरेज. आणि घरातली गाडी जुनी असेल तर या प्रश्नाचं उत्तर देताना बाबालोकांचा चेहरा बघा. नवी असताना ‘सोळा देते!’ असं ठणकावून सांगणारा माणूस हळूहळू ‘देते की, बऱ्यापैकी’वर येतो.

आमच्या घरी तेच झालं. २०११ ची पेट्रोल हॅचबॅक. आईला रोज शाळेत सोडणं-आणणं आणि महिन्यातून दोनदा पुण्याहून वाईजवळच्या गावी आजीकडे, एवढंच तिचं काम. गेल्या वर्षभरात गावच्या दोन फेऱ्यांची एक झाली, मग तीही रखडायला लागली. बाबा म्हणाले, ‘एसटीने जात जाऊ. तसंही पुढच्या वर्षी गाडीला पंधरा वर्षं होतायत, आरटीओचं सगळं नव्याने करायचं, त्यापेक्षा देऊन टाकू.’ कारण एकच, गाडी फार प्यायला लागली होती. आजी मात्र दर रविवारी फोनवर विचारायची, ‘गाडी बिघडलीय का रे?’

तुमच्याही दारात अशी एखादी गाडी असेल, बाबांची, काकांची, नाहीतर तुम्ही पहिल्या पगारातून घेतलेली सेकंडहँड. तिचं अ‍ॅव्हरेज पडलं असेल तर लगेच ओएलएक्सवर फोटो टाकू नका. आम्ही ज्या चुका केल्या त्या टाळा, आणि जे शेवटी जमलं ते आधीच करा.

आधी मोजा, मग बोला

आमची पहिली चूक म्हणजे न मोजताच गॅरेज गाठलं. ‘अ‍ॅव्हरेज कमी झालंय’ एवढंच सांगितलं. तिथल्या दादांनी एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले आणि ४,८०० रुपयांचं बिल हातात दिलं. फरक? शून्य. परत गेले तर उत्तर मिळालं, ‘मॅडम, जुनी गाडी आहे, आता एवढंच देणार.’

पण ‘एवढंच’ म्हणजे किती, हे आम्हाला तरी कुठे माहीत होतं? काटा लवकर खाली येतो यावर आमचा सगळा हिशोब. पेट्रोलचा काटा हा अंदाज असतो, माप नव्हे. आणि ‘पाचशेचं टाकलं, तीन दिवसांत संपलं’ हेही माप नव्हे.

माप असं घ्यायचं. पंपावर टाकी फुल करा. नोझल पहिल्यांदा आपोआप ‘खट्’ करून बंद झालं की थांबा, वरून दाबून भरू नका. ट्रिप मीटर शून्य करा. मग किमान अडीचशे-तीनशे किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवा. पुन्हा त्याच पंपावर, जमल्यास त्याच मशीनवर, पहिल्या ‘खट्’पर्यंत टाकी भरा. झालेले किलोमीटर भागिले या वेळी गेलेले लिटर, हे तुमचं खरं अ‍ॅव्हरेज. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, दोन-तीन टाक्या बघा.

इथे एक गंमत लक्षात ठेवा. टायर बदलताना कुणी मोठ्या मापाचे टायर टाकले असतील तर चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, पण मीटर जुन्याच मापाने मोजत राहतो. म्हणजे गाडी प्रत्यक्षात जास्त धावते आणि मीटरवर कमी दिसते. अ‍ॅव्हरेज पडल्यासारखं वाटतं, ते निव्वळ कागदावर.

आमचा आकडा आला ११.३.

उतार की पायरी?

हा आकडा बाबांना सांगितला तेव्हा ते काही बोलले नाहीत. आत गेले आणि कपाटातून एक वही घेऊन आले. २०११ पासूनची. दर वेळी भरलेलं पेट्रोल, मीटरचं रीडिंग आणि शेवटच्या रकान्यात अ‍ॅव्हरेज, बारीक अक्षरात. शेवटची नोंद नोव्हेंबर २०२४ ची. ‘पुढचं लिहिलं नाहीत?’ मी विचारलं. म्हणाले, ‘आकडा बघवत नव्हता.’

त्या रात्री ती वही घेऊन मी बसले, आणि गॅरेजच्या बिलात जे नव्हतं ते वहीत सापडलं. एप्रिल २०२४ पर्यंत गाडी १५.८ च्या आसपास देत होती. मे महिन्यात एका टाकीत ती १३.६ वर आली आणि तिथेच राहिली. मग पावसाळ्यानंतर पुन्हा घसरण, बारापर्यंत.

तुमच्याकडे वही नसेल तर पेट्रोलची बिलं, यूपीआयची हिस्टरी, सर्व्हिस बुक, काहीही चालेल. प्रश्न एवढाच विचारायचा की अ‍ॅव्हरेज हळूहळू उतरलं की एकदम पायरीसारखं खाली आलं? उतार असेल तर झिजणाऱ्या गोष्टींकडे बघा: प्लग, क्लच, ऑक्सिजन सेन्सर, इंजिनचं कॉम्प्रेशन. पायरी असेल तर त्या दिवसांत काहीतरी घडलंय. काहीतरी अडकलं, तुटलं, बदललं, नाहीतर कुणीतरी काढून टाकलं. जुनी गाडी म्हातारी होते ती हळूहळू, एका टाकीत नव्हे.

आमच्या वहीत पायऱ्या दोन होत्या. म्हणजे चोर एक नव्हता.

फुकटातल्या तपासण्या

पैसे खर्च करण्याआधी ज्या तपासण्यांना पैसे लागत नाहीत त्या करून घ्या.

पहिली टायरची हवा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. टायर थंड असतानाच बघायची. आमच्या चारही चाकांत आठेक पीएसआय कमी निघाली आणि मला वाटलं, सापडलं! नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार हवा एक पीएसआयने कमी झाली तर अ‍ॅव्हरेज साधारण ०.२ टक्के पडतं. म्हणजे आठ पीएसआयला दीड-दोन टक्के. हवा भरून पुढची टाकी मोजली तर ११.५. हवा भरा, टायरसाठी आणि ब्रेकसाठी ते गरजेचंच आहे, पण चार किलोमीटरचं खापर तिच्यावर फोडू नका.

दुसरी डिकी. आमच्या डिकीत जुनी बॅटरी, दोन फरश्या आणि कुणाच्या तरी लग्नातल्या नारळांचं अर्धं पोतं निघालं. वर कॅरिअर लावलेलं असेल आणि वापरात नसेल तर काढून ठेवा. हायवेला ते हवा अडवतं, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणूनच ८० ऐवजी ११० ने गेलात की काटा पळतो.

तिसरी तपासणी सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच कुणी करत नाही. गाडी मोकळी फिरते का? दहा-पंधरा किलोमीटर चालवून, शक्यतो जोरात ब्रेक न मारता, गाडी सपाटीवर थांबवा. प्रत्येक चाकाच्या रिमजवळ हात न्या, आधी लांबून. ब्रेकच्या डिस्कला किंवा ड्रमला हात लावू नका, भाजेल. समोरासमोरची दोन चाकं साधारण सारखीच गरम हवीत. एखादं एकटंच तापलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर देताय आणि एक चाक सतत ब्रेक मारतंय. मग अ‍ॅव्हरेज कुठून येणार?

आमचं मागचं डावं चाक तापलेलं होतं. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उघड्यावर उभी होती, हँडब्रेक ओढलेला. केबलमध्ये पाणी जाऊन गंज धरला आणि ब्रेक सोडला तरी केबल पूर्ण मागे येईना. वहीतली दुसरी पायरी ही. जॅक लावून चाक हाताने फिरवलं तर जेमतेम अर्धी फेरी. (जॅक लावताना बाकीच्या चाकांना दगड लावा आणि गाडीखाली शिरू नका.) केबल बदलणं आणि मागचे ब्रेक साफ करणं, खर्च १,३५० रुपये. पुढच्या टाकीला १३.१.

गॅरेजच्या यादीत काय खरं?

मग आधी बदललेलं सगळं फुकट गेलं का? थोडंसं हो, आणि का ते समजून घ्या, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

एअर फिल्टर तुंबला की अ‍ॅव्हरेज पडतं, हे वाक्य कार्ब्युरेटरच्या जमान्यातलं आहे. तेव्हा ते खरंच होतं. हवा कमी झाली तरी पेट्रोल खेचलं जायचं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत किती हवा आत येतेय ते ईसीयू, म्हणजे गाडीचा संगणक, सेन्सरवरून ओळखतो आणि तेवढंच पेट्रोल सोडतो. फिल्टर तुंबला तर पिकअप मरतो, अ‍ॅव्हरेजला फारसा फरक पडत नाही. फिल्टर वेळेवर बदला, पण त्यातून चार किलोमीटर परत मिळतील ही आशा ठेवू नका.

प्लग काढलेच असतील तर ते फेकू नका, बघा. टोकाला फिकट तपकिरी-राखाडी रंग असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जातंय. ओलसर, तेलकट काळं असेल तर इंजिन ऑइल जळतंय. आमचे जुने प्लग दादांनी डब्यात टाकून दिले होते, सुदैवाने परत मिळाले. चारही कोरडे काळे. म्हणजे प्लग आजाराचं कारण नव्हते, ते आजाराचं लक्षण होते. नवे टाकून आम्ही फक्त पुरावा बदलला.

क्लच तपासायचा तर मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज चढला आणि गाडीचा वेग चढला नाही, तर क्लच सरकतोय. इंजिन ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच टाका. ‘जुन्या गाडीला जाड ऑइल बरं’ म्हणून घट्ट ऑइल टाकलं तर त्यातही एक-दोन टक्के जातात. आणि गाडीभोवती कधीही पेट्रोलचा वास आला तर अ‍ॅव्हरेजचा विचार बाजूला ठेवा. ती गळती असू शकते. गाडी बंद करा आणि मेकॅनिकला बोलवा.

एक नियम मात्र पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला, मग टाकी मोजा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे फरक पडला ते कधीच कळत नाही, आणि फरक नाही पडला तर काय उरलं तेही कळत नाही.

थंड गाडी जास्त पिते

आता उरली मे महिन्यातली पायरी. बाबांना विचारलं, ‘मे २०२४ मध्ये काय झालं होतं?’ त्यांनी क्षणात सांगितलं, ‘खंबाटकी.’

आजीकडे जाताना घाट चढताना गाडी तापली होती. भर दुपार, बॉनेटमधून वाफ, आई सावली शोधतेय. रेडिएटरचा पंखा बंद पडला होता. घाटापलीकडच्या एका मेकॅनिकने पंखा सुरू करून दिला आणि वर म्हणाला, ‘व्हॉल्व्ह पण काढून टाकलाय काका, आता गाडी कधीच गरम होणार नाही.’

तो व्हॉल्व्ह म्हणजे थर्मोस्टॅट. त्याचं काम समजून घ्या. गाडी थंड असताना तो बंद असतो, म्हणजे इंजिनातलं पाणी रेडिएटरकडे जात नाही आणि इंजिन पटकन तापतं. साधारण ८२ ते ८८ अंशांच्या आसपास तो उघडायला लागतो आणि पाणी रेडिएटरमधून फिरू लागतं. तो काढून टाकला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये थंड होत राहतं. इंजिनला हवं ते तापमान गाठता येत नाही. आणि थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही म्हणून ईसीयू मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो. जुन्या स्कूटरला सकाळी चोक द्यायचो ना, तसं समजा. फक्त हा चोक कधी बंदच होत नाही.

आई-बाबांची रोजची शाळेची फेरी पाच किलोमीटरची. इंजिन तापायच्या आतच प्रवास संपतो. आणि हायवेला समोरून एवढी हवा की रेडिएटर पाणी अजूनच थंड करतो.

हे ओळखायचं कसं? डॅशबोर्डवर तापमानाचा काटा असेल तर पाच-सात मिनिटांत तो नेहमीच्या जागी यायला हवा आणि हायवेलाही तिथेच राहायला हवा. वेग वाढला की काटा खाली येत असेल तर थर्मोस्टॅटवर संशय घ्या. तो काढलेला असेल किंवा उघडाच अडकला असेल. काटा नसेल तर ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर घ्या. आम्हाला ९०० रुपयांत मिळाला. २०१० नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत स्टिअरिंगखाली त्याचं १६ पिनांचं सॉकेट असतं. घेण्याआधी तुमच्या गाडीला चालतो का ते बघून घ्या. मोबाइलच्या अ‍ॅपवर ‘कूलंट टेम्परेचर’ शोधा. आम्ही कात्रजचा बोगदा ओलांडून वीसेक किलोमीटर गेलो तरी आकडा ६४ च्या वर जाईना.

त्याच अ‍ॅपवर ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ही दिसतं. ईसीयूला पेट्रोल किती टक्के वाढवावं किंवा कमी करावं लागतंय, याचा तो आकडा. उणे-अधिक दहाच्या आत असेल तर फार काळजी नको. खूप अधिक असेल तर बाहेरची हवा कुठून तरी आत शिरतेय किंवा पेट्रोलचा दाब कमी आहे. खूप उणे असेल तर पेट्रोल जास्त जातंय. ऑक्सिजन सेन्सर महाग असतो, तेव्हा तो बदलण्याआधी हे आकडे मेकॅनिकला दाखवा.

नवा थर्मोस्टॅट, गॅस्केट आणि कूलंट मिळून १,६०० रुपये लागले. कूलंट यासाठी की त्या दिवसापासून गाडीत नळाचं पाणीच होतं. आणि हो, तापलेल्या इंजिनाचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं.

त्या मेकॅनिकला मी नावं ठेवणार नाही. त्या दुपारी त्याने आई-बाबांना आजीपर्यंत पोहोचवलं. पण तात्पुरता इलाज कायमचा झाला, तो आमच्या विसरण्यामुळे.

मग इथेनॉलचं काय?

हा प्रश्न येणारच. सध्या अ‍ॅव्हरेज पडलं की सगळे एकाच आरोपीकडे बोट दाखवतात: ई-२०. त्यात तथ्य आहे, पण किती ते बघा. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. त्यामुळे २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलवर अ‍ॅव्हरेज थोडं कमी होणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या, ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींसाठी हा फरक ६ ते ७ टक्के, तर ई-१० साठी बनवून ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांसाठी १ ते २ टक्के धरला आहे.

आता हिशोब करा. १५.८ चे सात टक्के म्हणजे १.१. गाडी १४.७ वर आली तर इथेनॉलला विचारू. ११.३ वर आली तर आधी चाकाला हात लावून बघू. उसाच्या पट्ट्यात राहून उसावरच सगळं ढकलायचं हे काही बरोबर नाही! जुन्या गाडीचे पेट्रोलचे रबरी पाइप मात्र दर सर्व्हिसिंगला बघून घ्या. कडक झालेले, चिरलेले दिसले तर बदला.

शेवटचा हिशोब

थर्मोस्टॅट बसवल्यावर दोन टाक्या मोजल्या. सरासरी १४.८. जुने १५.८ परत आले नाहीत. एक किलोमीटर ई-२० ने, पुण्याच्या ट्रॅफिकने आणि गाडीच्या वयाने मिळून घेतला असेल. तेवढं तिचं वय झालंय.

महिन्याला ८०० किलोमीटर आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर धरा. ११.३ ला जवळपास ७१ लिटर लागतात, १४.८ ला ५४. महिन्याला सतराएक लिटर, म्हणजे साधारण १,७०० रुपये वाचले. केबल, थर्मोस्टॅट आणि स्कॅनर मिळून खर्च ३,८५० रुपये. सव्वादोन महिन्यांत वसूल. पहिले ४,८०० गेले ते गेलेच, ते न मोजता गॅरेजला गेल्याची फी.

गाडी ठेवायची की द्यायची हे पुढच्या वर्षी आरटीओच्या वेळी ठरेल. कदाचित देऊही. पण तेव्हा तो निर्णय खऱ्या आकड्यावर घेऊ, वैतागून नाही.

मागच्या रविवारी आम्ही गावी गेलो. घाट चढताना बाबांची नजर सारखी काट्यावर. काटा मधोमध, हलला नाही. परत येताना नेहमीच्या पंपावर टाकी फुल केली, नोझल ‘खट्’ वाजलं, आणि बाबांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातून वही काढली. नोव्हेंबर २०२४ च्या नोंदीखाली एक ओळ सोडून तारीख घातली.

तुम्हीही पुढच्या वेळी पंपावर जाल तेव्हा टाकी फुल करा आणि ट्रिप मीटर शून्य करा. बाकीचं तीनशे किलोमीटरनंतर बघू.